ओरेन्सेत फोडलेला नारळ

परदेशातून आलेला माणूस आपल्याकडं निदान महिनाभर तरी भाव खातो. मला ती सोय मिळाली नाही. मी परत यायच्या आधीच माझ्या सहीचा एक कागद फॅक्सनं वाळूजला येऊन पडला होता. पहिल्या दिवशी गेटवरच्या वॉचमननं सलाम करायचा सोडून विचारलं, "सायेब, तिकडं नारळ भेटतो का?"

त्या कागदावर काय होतं हे कळायला तुम्हाला माझ्याबरोबर स्पेनला यावं लागेल. माद्रिद नाही, बार्सिलोनाही नाही. वायव्येच्या डोंगरात मिन्यो नावाच्या नदीवर ओरेन्से म्हणून एक जुनं शहर आहे, तिथं. रोमन लोक दोन हजार वर्षांपूर्वी तिथं जाऊन बसले ते जमिनीतून येणाऱ्या कढत पाण्यासाठी. आम्ही गेलो ते ग्राइंडिंग मशीनसाठी.

आम्ही म्हणजे मी आणि कुलकर्णी. मी मूळचा सोयगावचा, डिप्लोमा करून वाळूजच्या एका कारखान्यात लागलो आणि तिथंच केस पांढरे केले. गाड्यांचे शाफ्ट घासून अचूक मापात आणणं हे आमच्या लाइनचं काम. कुलकर्णी खरेदी विभागाचे, औरंगपुऱ्यात राहणारे. बोलतानाही स्वल्पविराम देणारा माणूस. ओरेन्सेतल्या एका कारखान्यानं आमच्यासाठी मशीन बांधलं होतं. ते चालवून बघायचं, सलग पन्नास शाफ्ट मापात निघाले की सही करायची, आणि मशीन पेटीत घालून आमच्या शहराकडं, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादकडं रवाना करायचं. एवढंच काम.

निघायच्या आदल्या दिवशी लाइनवरचे शेखचाचा आले. अठरा वर्षं ग्राइंडिंगवर काढलेला माणूस. त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी माझ्या टेबलावर ठेवलं.

"जाधवसाब, ये लेके जाओ."

"काय आहे, चाचा?"

"नारियल. और पुडी में कुंकू बी है. पिछली मशीन को फोड्या नहीं, तो छे महिने में तीन बार बैठी. याद है ना?"

"अहो, इकडं आल्यावर फोडू की."

"नक्को साब. पहला जॉब उधर निकलनेवाला, तो नारियल बी उधरच फूटना. इधर आये तक मशीन पुरानी हो जाती."

या युक्तिवादात मला खोट सापडली नाही. मी इंजिनियर आहे, पण वाळूजमध्ये नारळ न फोडता मशीनचं बटण दाबणारा इंजिनियर मी अजून पाहिलेला नाही. खंडेनवमीला आम्ही फूटपट्टीलासुद्धा हार घालतो. मी नारळ बॅगेत टाकला. वरून लोकरीचा कानटोपा घातला, थंडीसाठी नाही, नारळ झाकायला.

पूल आणि नळ

जुलै होता. दुपारी ऊन आपल्या मे महिन्यासारखं, आणि नदी मात्र काठोकाठ, गडद हिरवी. आमच्या खाम नदीवरून आम्ही नाक धरून जातो, त्यामुळे वास नसलेली नदी बघून मला आधी ती तलावच वाटली. तिच्यावर जुना दगडी पूल आहे. मधली कमान इतकी उंच की पूल उंटाच्या पाठीसारखा झालाय. समोरून येणारा माणूस एकदम दिसत नाही. आधी टोपी उगवते, मग चेहरा, मग पोट. मी अर्धा तास उभा राहून माणसं उगवताना बघितली. कुलकर्णी म्हणाले, "जाधव, आपण कामासाठी आलोय."

गावाच्या मध्यावर, घरांच्या गर्दीत, दगडी कारंजी आहेत. तोटीतून रात्रंदिवस पाणी वाहतं आणि त्यावर वाफ तरंगत असते. मी जाऊन ओंजळ धरली आणि उडालो. दोन्ही तळवे लालबुंद.

"वाफ दिसत नव्हती का?" कुलकर्णी.

"दिसत व्हती. पण सरकारी नळाला गरम पाणी असंल यावर विश्वास बसंना."

आम्हाला फिरवायला कारखान्यानं एक मुलगी दिली होती, उशीआ. पंचविशीची, इंग्रजी छान बोलणारी. ती म्हणाली, "माझी आजी इथं कोंबड्या बुडवायची. पिसं सोलायला. तुम्ही कोंबडीपेक्षा लवकर बाहेर निघालात." कुलकर्णी शाकाहारी असूनही मनापासून हसले.

संध्याकाळी आठ वाजता लख्ख ऊन होतं. गावाबाहेर, नदीला लागून, दगडांनी बांधलेली कुंडं आहेत. एकीकडं थंड नदी वाहते, हातभर अंतरावर कुंडात ऊन पाणी. कुणीही यावं, उतरावं, नुसतं बसावं. लहानपणी मी उनकेश्वरला गेलो होतो, त्यामुळे असल्या पाण्याचा मी अनुभवी. हॉटेलातून टॉवेल, प्लास्टिकचा मग आणि साबणदाणी घेऊन गेलो. अंगात पट्ट्यापट्ट्यांची नाडीची चड्डी. कुंडात गळ्यापर्यंत बुडालेली दहाएक म्हातारी माणसं भिजत घातलेल्या फडक्यांसारखी शांत. मी नमस्कार करून उतरलो, दोन मग डोक्यावर ओतले आणि साबण काढून छाती घासायला घेतली.

फुलाफुलांची रबरी टोपी घातलेली एक बाई किंचाळली. फेस तिच्याकडं निघाला होता. एकेक करत सगळे उठले. आमच्याकडं आंघोळ म्हणजे साबण. साबणाशिवाय नुसतं पाण्यात बसतात त्या म्हशी. तिकडं उलटं आहे, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढ्यात पांढऱ्या जाड मिशांचा एक भक्कम म्हातारा माझ्याजवळ आला. त्यानं साबण माझ्या हातातून घेतला, साबणदाणीत ठेवला, झाकण टक्कन लावलं, साबणदाणी माझ्या चपलांवर नेऊन ठेवली. मग मगनं वरचा सगळा फेस भरून नदीकाठच्या गवतावर टाकला. न घाई, न राग. शेवटी बोटानं मला जागा दाखवली : बस.

मी बसलो. उठलेली माणसंही परत बसली. तासभर सगळे गळ्यापर्यंत पाण्यात बसून होतो. इतका अपमान होऊनही इतकं बरं वाटल्याचं माझ्या आयुष्यातलं ते एकमेव उदाहरण.

बेनिग्नो

दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेलो. गावाबाहेर डोंगर कापून वसवलेली कारखान्यांची वसाहत, आपल्या शेंद्र्यासारखी, फक्त जागोजाग द्राक्षांचे मांडव. आमचं मशीन करड्या रंगात चमकत होतं आणि त्याच्यापाशी, निळ्या अंगरख्यात, कालचा मिशीवाला उभा.

"हे बेनिग्नो," उशीआ म्हणाली. "तुमचं मशीन यांनी बांधलंय."

बेनिग्नोनं हात पुढं केला आणि दुसऱ्या हातानं हवेत साबण लावून दाखवला. सगळ्या कारखान्यात गोष्ट पोचली होती.

उशीआनं सांगितलं, बेनिग्नो महिनाअखेर निवृत्त होणार. हे त्यांचं शेवटचं मशीन. चाचणीत पास झालं की ते विजेच्या कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला, खाली कोपऱ्यात, पोलादी ठशानं आपल्या नावाचा एक 'बी' ठोकतात. आजवरच्या प्रत्येक मशीनवर ठोकलाय. गिऱ्हाइकाला दिसत नाही, पण त्यांना माहीत असतं.

सकाळी त्यांनी आम्हाला मशीन समजावलं. फिरणाऱ्या शाफ्टवर एक बारीक पोलादी बोट टेकलेलं असतं. शाफ्ट घासून नेमक्या मापाला आला की ते बोट मशीनला सांगतं, थांब. केसाच्या जाडीचा पन्नासावा भाग चुकला तरी त्याला कळतं. बेनिग्नोनं दहा शाफ्ट घासले. दहाच्या दहा मापात. पन्नासांची खरी चाचणी जेवणानंतर ठरली.

स्पेनमधली जेवणाची सुट्टी म्हणजे सुट्टीच. दोन तास कारखान्यात चिटपाखरू नसतं. मी म्हणालो, "कुलकर्णी, दारात उभं राहा."

"कशाला?"

मी पिशवीतून नारळ काढला.

"अहो! विचारून तरी!"

"विचारल्यावर कोण व्हय म्हणतंय?"

कुलकर्णी पुटपुटत दारात उभे राहिले. पण माझ्या लक्षात आलं, त्यांनी बूट काढून ठेवले होते. मी कपाटाचं दार उघडून आतल्या बाजूला, कुणाला दिसणार नाही अशा जागी, ओल्या कुंकवाची पाच बोटं ओढली. मग मशीनच्या बिडाच्या कोपऱ्यावर नारळ आपटला. घाबरलेला हात जरा जोरात बसला. पाण्याची चिळकांडी उडाली. खाली सांडलेलं मी रुमालानं पुसलं, उरलेलं कॉफीच्या कपात धरलं. खोबऱ्याचे तुकडे केले. सगळे परत आले तेव्हा म्हणालो, "आमच्याकडचा मेवा." बेनिग्नोनं दोन तुकडे खाल्ले, तिसरा खिशात ठेवला.

चाचणी सुरू झाली. आठ शाफ्ट मापात. नववा जाडा. दहावा, अकरावा बरोबर. बारावा परत जाडा. चूक कायम असती तर सापडली असती. ही मनात येईल तेव्हा यायची. संध्याकाळपर्यंत बेनिग्नोच्या अंगरख्याची पाठ भिजली होती.

मुंग्या

तिसऱ्या दिवशी त्यांनी मशीनचा अर्धा भाग सोडला, पुसला, परत बांधला. चूक तशीच. मी कडेला हाताची घडी घालून उभा, चेहऱ्यावर गिऱ्हाइकाची नाराजी. सहज खाली बघितलं. फरशीवरून एक बारीक काळी रेघ मशीनच्या पायावर चढत होती. रेघ हलत होती.

मुंग्या.

मी डोळ्यांनी तिच्या मागं गेलो. पायावरून बिडाच्या कोपऱ्याकडं, तिथून मापाच्या पोलादी बोटाकडं. बोटाच्या बिजागरीवर रबराची छोटी टोपी होती. मुंग्या तिच्या फटीतून आत चालल्या होत्या. प्रसाद सांडला की मुंग्या कुठं आणि का जातात हे आमच्या घरातल्या कुणालाही सांगता येईल. नारळाचं पाणी उडून टोपीच्या आत गेलं, वाळलं, चिकट झालं. बोट कधी झटकन उठायचं, कधी आळसायचं. त्या सगळ्या इमारतीत मुंग्यांची भाषा येणारे दोघंच होते, आणि दुसरे कुलकर्णी चहाच्या शोधात गेले होते.

मी बुटानं रेघ मोडली. हे लिहायला बरं वाटत नाही, पण मोडली.

तेवढ्यात मालक आले. उंच, चष्म्याला दोरी. बेनिग्नोच्या हाताकडं बघत हळू आवाजात काहीतरी बोलले आणि गेले. बेनिग्नोनं पाना कपड्यानं पुसला, खणात ठेवला. एरवी ठेवायचे त्यापेक्षा जरा सावकाश.

"काय म्हणाले?" मी उशीआला विचारलं.

ती आधी सांगेना. मग म्हणाली, "म्हणाले, हात थरथरत असतील तर सांगायला लाज वाटू नये. परवा दुसऱ्या शाखेतून तरुण फिटर येतोय. तो नव्यानं जोडेल."

"मग 'बी'?"

"जो जोडेल त्याचं मशीन."

दुपारी खानावळीत लाकडी थाळीत ऑक्टोपस आला. उकडून कापलेला, वर ऑलिव्हचं तेल आणि लालभडक पूड. तो रंग बघून माझा जीव हरखला. तोंडात टाकलं तर तिखटाचा पत्ता नाही, कुंकू खाल्ल्यासारखं. कुलकर्ण्यांनी बटाटे आणि तळलेल्या हिरव्या मिरच्या मागवल्या होत्या. या मिरच्या बहुतेक गोड, क्वचित एखादी जहाल निघते, म्हणून तिकडची माणसं त्या जपून खातात. कुलकर्णी "ह्या कसल्या मिरच्या" म्हणत एकामागून एक खात होते.

मी त्यांना मुंग्यांचं सांगितलं.

त्यांनी काटा खाली ठेवला. "अजिबात बोलायचं नाही."

"अहो, त्या म्हाताऱ्याचं नाव चाललंय."

"आणि तुमचं राहिलंय. मशीन त्यांच्या दारात बिघडलंय, दोष त्यांचा. तरुण माणूस येईल, टोपी काढेल, पुसेल, चालू होईल. आपण सही करू. यात कुणाचं काय नुकसान?"

"बेनिग्नोचं."

"ते तर असंही महिनाअखेर घरी जाणार आहेत." एवढं बोलून त्यांनी एक मिरची तोंडात टाकली आणि नेमकी ती जहाल निघाली. पाच मिनिटं त्यांना बोलता आलं नाही. मला विचार करायला तेवढा वेळ मिळाला. विचारातून धैर्य काही निघालं नाही. तो दिवस आणि चौथ्याचा बराचसा दिवस मी गप्पच होतो, हेही लिहिलं पाहिजे.

कुंडात

चौथ्या दिवशी संध्याकाळी कुंडावर गेलो, साबणाशिवाय. बेनिग्नो होते. शेजारी उशीआ, ती रोज यायची, पाय सोडून पुस्तक वाचायची. फुलांच्या टोपीवाल्या बाईनं माझे दोन्ही हात रिकामे असल्याची खात्री करून घेतली. मी बेनिग्नोसमोर बसलो. त्यांनी दोन्ही हात पाण्याबाहेर काढून समोर धरले होते. बोटं पसरून, एकटक बघत. थरथरतात का ते बघत होते. थरथरत नव्हती.

मी म्हणालो, "उशीआ, यांना एक सांग. मशीन मी बिघडवलं."

"काय?"

"नारळ फोडला. मशीनवर. पाणी मापाच्या टोपीत गेलं."

उशीआनं पुस्तक मिटलं. "मशीनवर का फोडला?"

"नवीन आहे म्हणून."

तिनं पुस्तक बाजूला ठेवलं. "हे मला असंच्या असं सांगावं लागेल?"

"असंच्या असं."

तिनं सांगितलं. कुंडातली सगळी डोकी वळली, कारण कुंडात कुजबूज करता येत नाही. बेनिग्नोनं हात खाली घेतले. श्वास घेऊन पाण्याखाली गेले. बराच वेळ वर आले नाहीत. मला वाटलं, आता हेही माझ्या नावावर. मग मिशीतून पाणी गाळत वर आले आणि एकच प्रश्न विचारला.

"ते विचारतायत, चिळकांडी डावीकडून आली की वरून?"

"डावीकडून."

त्यांनी मान हलवली; टोपीची फट डावीकडंच होती. मग दुसरा प्रश्न : "मी खाल्लं ते तेच का?"

"तेच. प्रसाद."

तिसऱ्यांदा ते बराच वेळ बोलले. उशीआनं माझ्याकडं न बघता सांगितलं, "ते म्हणतायत, हे उद्या मालकांना तुम्ही सांगायचं. मी सांगितलं तर म्हातारा सबबी सांगतो म्हणतील."

ऊन पाण्यात मला काटा आला.

कागद

सकाळी, तरुण फिटर पोचायच्या आत, मालकांच्या टेबलासमोर मी सगळं सांगितलं. मालक हसले नाहीत. मी हसण्याची वाट बघत होतो, ते सोपं गेलं असतं. त्यांनी एक छापील कागद काढला. बिघाड, कारण, जबाबदार व्यक्ती, असे रकाने. कारणाच्या रकान्यात त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं : नारळाचं पाणी. पुढं : पूजेच्या वेळी. जबाबदारच्या रकान्यात माझं नाव, खाली माझी सही. तोच कागद माझ्या आधी वाळूजला पोचला. अजूनही लाइनवर कुणाचं माप चुकलं की विचारतात, "पूजेच्या वेळी का?"

कुलकर्णी दारातच उभे होते. मी सही करताना ते आत आले आणि म्हणाले, "त्या वेळी पहारा देणारा मीच होतो, असंही लिहा." मालकांनी तसा रकाना नसल्याचं सांगितलं. पण ते आले, हे मी विसरलेलो नाही.

बेनिग्नोनं रबराची टोपी काढली. आत दोन मेलेल्या मुंग्या आणि साखरेचा पातळ थर. स्पिरिटनं बिजागरी धुतली, फुंकर मारली, बोट हलवून बघितलं. मग पन्नास शाफ्ट. मी प्रत्येकाला मनात हात जोडत होतो, नारळाची लाच न देता. पन्नासच्या पन्नास मापात. तरुण फिटर अकराला आला, कॉफी प्याला, परत गेला.

निघताना बेनिग्नोनं हात हातात घेतला. मी त्यांना साबणदाणी दिली. देण्यासारखं दुसरं काहीच नव्हतं.

वाळूज

दोन महिन्यांनी पेटी आली. शेखचाचा नवा नारळ घेऊन उभेच होते. मी त्यांना मशीनपासून तीस पावलं लांब, थेट ट्रक लागतो त्या धक्क्यापर्यंत नेलं.

"साब, इत्ती दूर से मशीन को कैसा मालूम पडेगा?"

"पडेल, चाचा. तिला लई कळतं."

नारळ फुटला. वायर जोडायला त्यांनी कपाटाचं दार उघडलं आणि थबकले.

"साब, ये देखो."

मी वाकलो. मला वाटलं होतं, बेनिग्नोनं सगळं पुसलं तेव्हा तेही पुसलं असेल. दाराच्या आतल्या बाजूला माझी कुंकवाची पाच बोटं होती तशी होती. वर पारदर्शक चिकटपट्टी, चारही कडा नखानं घोटून बसवलेली, आत एक बुडबुडा नाही. समुद्रातून येताना एक कणही झडू नये म्हणून. आणि खाली कोपऱ्यात, खोल, सरळ, एकाच ठोक्यात उठलेला 'बी'.

चाचांनी त्याच्यावरून अंगठा फिरवला. "हाथ पक्का है," म्हणाले, आणि दार हलकेच लावून घेतलं.